जुन्या मेलवर नवे फिल्टर: थंडरबर्डची एकाच निकषावर परीक्षा

समजा, इनबॉक्समध्ये १८,००० मेल साचलेत आणि त्यांतले ३१२ ठळक अक्षरांत दिसताहेत. हे ३१२ म्हणजे नुसते न उघडलेले मेल नव्हेत. भरायचं राहिलेलं बिल, उत्तर द्यायचं पत्र, सवडीने वाचायचा अहवाल, अशी कामांची यादीच त्या ठळक अक्षरांत असते. पुष्कळजण वाचून झालेला मेलही विसरू नये म्हणून मुद्दाम पुन्हा 'न वाचलेला' करून ठेवतात. आता बँक, वीजबिल, सोसायटी, शाळा, ऑफिस असे फोल्डर करून हा ढीग लावायला घ्यायचा, तर ही यादी बिघडता कामा नये. लावालावी संपल्यावर सगळे १८,००० मेल ठळक झाले किंवा एकही ठळक उरला नाही, तर नुकसान सारखंच आहे. ते ३१२ कोणते होते, हे सांगणारी खूणच उरत नाही.

मोझिला थंडरबर्ड या संगणकावर मेल वाचण्याच्या प्रोग्राममधल्या 'मेसेज फिल्टर्स'चं, म्हणजे अट जुळली की मेल आपोआप ठरल्या फोल्डरात टाकणाऱ्या नियमांचं, हे परीक्षण याच निकषावर केलेलं आहे. थंडरबर्ड फुकट आणि मुक्तस्रोत आहे. तो विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो. पहिली पूर्ण आवृत्ती २००४ साली आली, आणि २०२० पासून त्याचं काम मोझिला फाउंडेशनच्या मालकीची एमझेडएलए टेक्नॉलॉजीज ही कंपनी बघते. खाली दिलेली मेनूंची नावं २०२३ च्या ११५ या आवृत्तीपासून पुढच्या मांडणीनुसार आहेत.

आधी निकाल. खातं आयमॅपचं (मेल सर्व्हरवरच ठेवून तिथूनच दाखवण्याच्या पद्धतीचं) असेल आणि मेल त्याच खात्यातल्या एका फोल्डरातून दुसऱ्यात न्यायचे असतील, तर या कामाला थंडरबर्ड चोख आहे. वाचल्याची खूण, तारांकन, उत्तर दिल्याची खूण, सगळं मेलबरोबर जातं. मात्र 'आधी नुसतं करून दाखव, मग खरं कर' ही सोय त्यात नाही, आणि उपफोल्डर तो आपण होऊन धुंडाळत नाही. खूण गेलीच, तर बहुतेक वेळा ती फिल्टर घालवत नाही. तयारी न करता फिल्टर चालवणारा घालवतो. म्हणून इथे तयारीवर जास्त जागा खर्च केली आहे.

वाचल्याची खूण राहते कुठे

मेलच्या मजकुरात 'वाचला' असं काही लिहिलेलं नसतं. पाठवणाऱ्याला ते माहीत असायचं कारण नाही. ही खूण मेल जिथे साठवला आहे तिथे राहते, आणि प्रत्येक साठवणुकीची पद्धत वेगळी. आयमॅप सर्व्हरवर ती 'सीन' नावाचा झेंडा म्हणून मेलच्या शेजारी नोंदलेली असते. मेलडिर पद्धतीत प्रत्येक मेलची वेगळी फाइल असते, आणि त्या फाइलच्या नावाच्या शेवटी अपूर्णविराम, २, स्वल्पविराम आणि मग 'एस' हे अक्षर आलं की मेल वाचलेला. एमबॉक्स पद्धतीत सगळे मेल एकाच लांबलचक फाइलमध्ये असतात, तिथे 'स्टेटस' नावाची जादा ओळ घालतात. थंडरबर्डचे स्वतःचे 'लोकल फोल्डर्स' नेहमीच्या मांडणीत एमबॉक्समध्येच असतात, पण त्यातली ओळ 'एक्स-मोझिला-स्टेटस' अशी असते आणि तिथला ०००१ म्हणजे वाचलेला.

म्हणून जुने मेल नव्याने लावायच्या दोन पद्धती दिसायला सारख्या असल्या तरी परिणामात अगदी वेगळ्या ठरतात. पहिली पद्धत पुन्हा पोचवण्याची. जुनी एमबॉक्स फाइल फॉर्मेल या साधनाने सुटी करायची आणि एकेक मेल प्रॉकमेल या येणारे मेल फोल्डरांत वाटणाऱ्या प्रोग्रामच्या हाती, जणू आत्ताच आला अशा थाटात द्यायचा. नियम बरोबर लागतात, मेल योग्य फोल्डरात पडतात, पण मेलडिरमध्ये ते 'न्यू' या कप्प्यात जाऊन बसतात, म्हणजे सगळेच न वाचलेले. यात प्रॉकमेलची चूक नाही. दारात आलेला मेल नवाच असतो, या गृहीतावर तो बांधलेला आहे. दुसरी पद्धत हलवण्याची. आयमॅप सर्व्हरलाच सांगायचं की हा मेल या फोल्डरातून त्या फोल्डरात ने. आयमॅपचा २००३ चा नियमग्रंथ, आरएफसी ३५०१, सांगतो की प्रत करताना मेलचे झेंडे आणि आल्याची तारीख सर्व्हरने जपावी. २०१३ च्या आरएफसी ६८५१ ने त्यात थेट 'मूव्ह' आज्ञा आणली. थंडरबर्ड सर्व्हरला ही आज्ञा येत असेल तर ती वापरतो, नसेल तर प्रत करून मूळ मेलवर खोडल्याची खूण करतो. दोन्ही वेळा मेल तुमच्या संगणकावरून जात-येत नाही, सर्व्हरच्या पोटातच हलतो. खूण शाबूत राहते ती याच कारणाने.

खात्यांची हद्द ओलांडली की, म्हणजे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात किंवा सर्व्हरवरून लोकल फोल्डरात न्यायचं झालं की, मेल खाली उतरवून दुसरीकडे नव्याने ठेवावा लागतो. थंडरबर्ड तेव्हाही वाचल्याची खूण सोबत पाठवतो. पण मधे कनेक्शन तुटणं, जागा संपणं असे अडथळे वाढतात. म्हणून आधी एकाच खात्यात लावून घ्या, दुसरीकडे न्यायचं काम नंतर वेगळं करा.

फिल्टरला हात लावण्याआधी

सगळ्यात जास्त खुणा वाचनखिडकीमुळे, म्हणजे यादीतला निवडलेला मेल उघडून दाखवणाऱ्या भागामुळे, जातात. फिल्टर नीट लागतो का ते बघायला माणूस दहा-वीस मेलवर टिचकी मारतो, आणि तेवढ्या वेळात ते मेल वाचलेले होऊन बसतात. 'सेटिंग्ज', 'जनरल', खाली 'रीडिंग अँड डिस्प्ले' इथे 'ऑटोमॅटिकली मार्क मेसेजेस ॲज रीड' ही खूणपेटी आहे. काम संपेपर्यंत ती बंद ठेवा. शिवाय एफ८ दाबून वाचनखिडकी मिटून टाका.

दुसरा धोका एकाक्षरी शॉर्टकटचा. यादीवर फोकस असताना 'एम' दाबलं की मेलची वाचल्याची खूण उलटते, 'आर' दाबलं की सगळी साखळी (एक मेल आणि त्यावरची उत्तरं) वाचलेली होते, आणि शिफ्ट-सीने अख्खा फोल्डर वाचलेला होतो. फोल्डरचं नाव शोधपेटीत टाइप करतोय असं वाटतं आणि अक्षरं यादीवर पडतात. लगेच लक्षात आलं तर कंट्रोल-झेड दाबा, पण त्यावर विसंबून राहू नका.

आता खरा विमा. कंट्रोल-शिफ्ट-के दाबून क्विक फिल्टरची पट्टी उघडा, त्यात 'अनरेड' निवडा, कंट्रोल-एने सगळे उचला आणि त्यांना एक टॅग लावा. ४ हा आकडा दाबला की थंडरबर्डचा तयार 'टू डू' टॅग लागतो. तो आधीपासून वापरात असेल तर 'सेटिंग्ज'मध्ये नवा टॅग करून घ्या, कारण तोच आकडा पुन्हा दाबला तर लागलेला टॅग निघतो. टॅग हा वाचल्याच्या खुणेपेक्षा वेगळा झेंडा आहे. सर्व्हर असे झेंडे साठवत असेल तर तो मेलबरोबरच हलतो. उद्या काही बिघडलं तरी टॅग बघून ते ३१२ मेल ओळखता येतात आणि उजव्या टिचकीच्या 'मार्क' मेनूतून पुन्हा न वाचलेले करता येतात. सगळेच ठळक झाले असतील तर आधी शिफ्ट-सीने फोल्डर वाचलेला करा, मग टॅगवाले तेवढे परत ठळक करा. ही दोन मिनिटांची तयारी टाळू नका. बाकी कुठलाही बॅकअप इतक्या सहज ही यादी परत देत नाही.

टॅग सर्व्हरवर राहतो की नुसता संगणकावर, हे तपासायला दोन-चार मेलना टॅग लावून, दुसऱ्या संगणकावरच्या थंडरबर्डमध्ये तेच खातं उघडून बघा. दुसरा संगणक नसेल तर थंडरबर्डमध्येच दुसरं प्रोफाइल (वेगळ्या सेटिंग्जचा स्वतंत्र कप्पा) करून बघता येतं.

मग आकडे लिहून ठेवा. फोल्डर उघडल्यावर खालच्या पट्टीत न वाचलेले किती आणि एकूण किती, हे दिसतं. नंतर सगळ्या फोल्डरांची बेरीज या दोन आकड्यांशी जुळली पाहिजे. मधल्या वेळात नवे मेल येतात, म्हणून मोजणी आणि फिल्टर एकाच बैठकीत उरका. मोबाइलवरचं मेलचं ॲपही तेवढा वेळ उघडू नका. तिकडे साखळी उघडली की इकडची मोजणी चुकते.

फिल्टर लिहिताना

'टूल्स' मेनूत 'मेसेज फिल्टर्स' आहे. मेनूपट्टी दिसत नसेल तर विंडोज आणि लिनक्सवर ऑल्ट दाबा. वरच्या पेटीत खातं निवडायचं असतं, कारण फिल्टर खात्यागणिक वेगळे असतात. 'न्यू' दाबलं की नियमाची खिडकी उघडते. वर नाव, खाली 'अप्लाय फिल्टर व्हेन', मग अटी, मग कृती.

जुन्या मेलसाठीचे फिल्टर वेगळे लिहा आणि त्यात फक्त 'मॅन्युअली रन' निवडलेलं असू द्या. येणाऱ्या मेलसाठीच्या फिल्टरांत बऱ्याचदा 'मार्क ॲज रीड' ही कृती घातलेली असते. जाहिराती, व्यवहाराचे संदेश असले मेल आल्याआल्याच वाचलेले व्हावेत म्हणून ते ठीकच असतं. पण तोच फिल्टर जुन्या ढिगावर चालवला की मुद्दाम ठळक ठेवलेले मेलही वाचलेले होतात. खूण जाण्याचं हे दुसरं मोठं कारण, आणि तिथे दोष फिल्टरला देता येत नाही, त्याने सांगितलं तेच केलेलं असतं. 'न्यू'च्या शेजारच्या बाणाखाली 'कॉपी' आहे. जुन्या फिल्टरची प्रत करा, तीत फक्त 'मूव्ह मेसेज टू' ही कृती ठेवा, नावापुढे 'जुने' असं लिहा.

'कॉपी मेसेज टू' ही कृती सुरक्षित वाटते म्हणून लोक ती घेतात. मूळ मेल जागेवर राहतो खरा, पण फिल्टर दुसऱ्यांदा चालवला की दुसरी प्रत पडते. 'मूव्ह' कितीदाही चालवा, हललेला मेल मूळ फोल्डरात फिल्टरला पुन्हा सापडत नाही. जुना ढीग लावताना फिल्टर दोन-चारदा चालवावा लागतोच, म्हणून 'मूव्ह'च घ्या.

अटींत सगळ्यात भरवशाची 'फ्रॉम'. पाठवणाऱ्याच्या पत्त्यातला @ आणि त्यापुढचं सगळं डोमेन लिहा. नुसती तीन अक्षरं लिहिली तर 'कंटेन्स' ती कुठेही शोधतो आणि भलताच मेल पकडतो. चर्चागटांच्या मेलसाठी 'लिस्ट-आयडी' हे शीर्षक (मेलसोबत येणारी, एरवी न दिसणारी तांत्रिक ओळ) सगळ्यांत उत्तम, कारण कुणीही लिहिलं तरी ते बदलत नाही. ते यादीत नसतं. अटीच्या पहिल्या पेटीत तळाशी 'कस्टमाइझ' आहे, तिथे नाव टाइप करून 'ॲड' करायचं. इथे एक मेख आहे. हातांनी फिल्टर चालवताना थंडरबर्ड शक्यतो आपल्याकडची माहितीच चाळतो. प्रेषक, विषय, तारीख या गोष्टी त्याच्या सूचीत असतात, पण असली जादा शीर्षकं किंवा मेलचा मजकूर तपासायचा तर पूर्ण मेल संगणकावर उतरलेला हवा. फोल्डरवर उजवी टिचकी, 'प्रॉपर्टीज', 'सिंक्रोनायझेशन', तिथे 'डाउनलोड नाऊ'. हे न केल्यामुळे 'फिल्टर काही पकडतच नाही' अशी तक्रार होते.

विशिष्ट नियम वर, ढोबळ नियम खाली. एकाच बँकेच्या डोमेनवरून खात्याचा उतारा येतो आणि जाहिरातही येते. उताऱ्याचा फिल्टर वर ठेवला नाही तर डोमेनचा ढोबळ फिल्टर सगळंच उचलतो. हातांनी चालवताना थंडरबर्ड पहिला फिल्टर अख्ख्या फोल्डरावर लावतो, मग दुसरा, मग तिसरा. पहिल्याने हलवलेले मेल दुसऱ्याच्या वेळी तिथे नसतातच.

मराठी विषयांची गंमत

विषयात देवनागरी असेल तर तो प्रवासात सांकेतिक रूपात असतो, पण थंडरबर्ड तो उलगडूनच तुलना करतो. अट सरळ मराठीत लिहिता येते. अडचण वेगळीच आहे, आणि ती मराठीची आहे.

पहिली सामान्यरूपाची. 'शाळा' असं लिहिलं तर 'शाळेची सहल', 'शाळेतून सूचना' हे मेल निसटतात, कारण प्रत्यय लागताना शब्दच बदलतो. 'शाळ' लिहा, दोन्ही सापडतील. पण हीच युक्ती 'सभा'वर केली आणि 'सभ' लिहिलं तर 'सभेची नोटीस' मिळेल आणि तिच्यासोबत 'सभासद' असलेला प्रत्येक मेलही येईल. तिथे 'सभा ' (शेवटी जागा सोडून) आणि 'सभे' अशा दोन अटी 'मॅच एनी ऑफ'मध्ये घाला. 'सोसायटी'सारखे शब्द सोपे. प्रत्यय लागला तरी मूळ जसंच्या तसं राहतं.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. 'शेतकऱ्यांसाठी' आणि 'शेतकर्‍यांसाठी' हे वाचायला एकच आहेत, पण पहिल्यात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आहे आणि दुसऱ्यात 'र', हलन्त आणि मधे एक अदृश्य जोडचिन्ह. कीबोर्डगणिक हे बदलतं. फिल्टरच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. 'ॲप' आणि 'अ‍ॅप' यांचंही तेच. अशा जागेच्या अलीकडेच शब्द तोडा. 'शेतक' एवढं पुरे. नाहीतर प्रत्यक्ष मेलच्या विषयातून शब्द उचलून अटीत चिकटवा, आणि दोन्ही रूपांची अट घाला.

चालवताना

नक्कल करून दाखवायची सोय नाही, पण वळसा घेता येतो. कंट्रोल-शिफ्ट-एफने 'सर्च मेसेजेस'ची खिडकी उघडा, फोल्डर निवडा, फिल्टरातल्याच अटी तिथे घाला. काय काय सापडतं ते दिसेल आणि काहीही हलणार नाही. यादी पटली की तीच अट फिल्टरात ठेवा. हे कंटाळवाणं आहे, पण बँकेचे आणि करांचे मेल असतील तिथे इतकी काळजी हवीच.

मग 'मेसेज फिल्टर्स'च्या खिडकीत 'फिल्टर लॉग' उघडून तो सुरू करा. तो आधीच्या कामाची नोंद देत नाही, म्हणून सुरुवातीलाच करायचं. पुढे प्रत्येक हललेल्या मेलमागे एक ओळ पडते: कुणाचा, विषय काय, कुठे गेला. चुकीच्या फोल्डरात गेलेले मेल शोधायला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

खिडकीच्या तळाशी 'रन सिलेक्टेड फिल्टर्स ऑन' आहे. पुढच्या पेटीत फोल्डर निवडा, यादीत एकच फिल्टर उचला, 'रन नाऊ' दाबा. पहिल्यांदा एकच. बेरीज जुळली की बाकीचे एकत्र उचला. फोल्डर उघडून 'टूल्स'मधलं 'रन फिल्टर्स ऑन फोल्डर' दाबलं तर 'मॅन्युअली रन' असलेले सगळे चालू फिल्टर एकदम लागतात. शेजारीच निवडलेल्या मेलपुरते फिल्टर चालवायचीही सोय आहे. ती फार कामाची. तारखेने लावलेल्या यादीतून एकेक वर्ष उचलून चालवता येतं.

एका दमात दहा-पंधरा हजार मेल हलवू नका. सर्व्हर मधेच दमतो, आणि ज्याला थेट 'मूव्ह' येत नाही तिथे प्रत पडलेली पण मूळ खोडलेलं नाही अशी अवस्था होते, म्हणजे मेल दोनदा. 'एज इन डेज' ही अट घालून तुकडे पाडा: आधी १,५०० दिवसांपेक्षा जुने, मग १,०००, मग ५००. हलवूनही मेल इनबॉक्समध्येच फुली मारलेले दिसत असतील तर खात्याच्या 'सर्व्हर सेटिंग्ज'मध्ये 'जस्ट मार्क इट ॲज डिलीटेड' निवडलेलं असतं. फोल्डरवर 'कॉम्पॅक्ट' केलं की ते जातात.

काम झाल्यावर आकडे जुळत नसतील तर घाबरून जाऊ नका. बऱ्याचदा फक्त सूची मागे पडलेली असते. फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'रिपेअर फोल्डर' दाबा. आयमॅपवर वाचल्याच्या खुणा सर्व्हरवरून पुन्हा येतात, त्यामुळे तिथे हे निर्धास्तपणे करता येतं.

जीमेल असेल तर

जीमेलमध्ये फोल्डर नसतात, लेबलं असतात. आयमॅपवर तीच फोल्डर म्हणून दिसतात. इनबॉक्समधून मेल हलवला म्हणजे प्रत्यक्षात एक लेबल काढून दुसरं लावलं. वाचल्याची खूण मेलची असते, लेबलाची नव्हे, त्यामुळे ती टिकते. 'ऑल मेल' या फोल्डरावर मात्र हलवणारा फिल्टर चालवू नका. तो ढीग नसून सगळ्या मेलचं एकत्र कोठार आहे.

आयमॅपवरून जीमेल दिवसाला २,५०० एमबीच उतरवू देतो. १५ जीबीचं फुकट खातं मेलने भरलेलं असेल, तर ते पहिल्यांदा पूर्ण उतरायलाच सहा दिवस लागतात. मर्यादा ओलांडली तर आयमॅप काही काळ बंद होतो. म्हणून सगळे मेल जीमेलमध्येच असतील तर थंडरबर्डच्या वाटेला न जाता जीमेलचा स्वतःचा फिल्टर वापरावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. शोधपेटीच्या उजव्या टोकाचं चिन्ह दाबा, अटी भरा, 'क्रिएट फिल्टर', मग 'अप्लाय द लेबल' आणि हवं तर 'स्किप द इनबॉक्स'. तळाशी जुळणाऱ्या जुन्या साखळ्यांनाही फिल्टर लावायची खूणपेटी आहे, ती निवडा. 'मार्क ॲज रीड'ला हात लावू नका. फॉरवर्ड करायची कृती जुन्या मेलना लागत नाही, हेही लक्षात असू द्या. जीमेलची उणीव मराठीत जाणवते: तो शब्दाच्या आतला तुकडा शोधत नाही, त्यामुळे वरची 'शाळ'ची युक्ती तिथे चालत नाही. 'शाळेची', 'शाळेत' अशी एकेक रूपं लिहावी लागतात. विषयावरून लावायचं काम मोठं असेल तर तेवढ्यापुरता थंडरबर्ड बरा.

कुठे कमी पडतो

उपफोल्डर ही सगळ्यात मोठी उणीव. जुने मेल वर्षवार वीस फोल्डरांत ठेवले असतील तर वीसदा फोल्डर निवडा आणि 'रन नाऊ' दाबा. जुन्या पद्धतीच्या आउटलुकमध्ये 'रन रूल्स नाऊ'च्या खिडकीत उपफोल्डर घेण्याची खूणपेटी आहे, आणि नियम सगळ्या मेलवर, फक्त वाचलेल्यांवर की फक्त न वाचलेल्यांवर चालवायचे तेही तिथेच ठरवता येतं. या कामासाठी इतकी नेमकी सोय थंडरबर्डने आजवर दिलेली नाही. 'स्टेटस' ही अट प्रत्येक फिल्टरात घालून तसं जमवता येतं, पण ते जमवणंच झालं. हजारो वाचलेले मेल आधी लावून, मोजके न वाचलेले शेवटी नजरेखालून घालायचे असतील तर ही अट उपयोगी पडते.

फिल्टर निर्यात करायचं बटण नाही. नियम प्रोफाइलमधल्या 'एमएसजीफिल्टररूल्स डॉट डॅट' या फाइलमध्ये असतात. थंडरबर्ड बंद करून तिची प्रत करता येते. दुसऱ्या खात्याला तीच वापरायची तर आतले फोल्डरांचे पत्ते बदलावे लागतात, कारण त्यांत वापरकर्त्याचं आणि सर्व्हरचं नाव लिहिलेलं असतं. साधी मजकूर-फाइल असल्याने शोधून बदलणं सोपं आहे. गुंतागुंतीच्या अटींसाठी नियमित पदावल्या (रेग्युलर एक्स्प्रेशन्स, म्हणजे अक्षरांचा साचा सांगून शोधणं) मूळ थंडरबर्डमध्ये नाहीत, 'फिल्टाक्विला' हे ॲड-ऑन घातलं की मिळतात.

आज्ञा टाइप करून प्रोग्राम चालवायची भीती नसलेल्यांसाठी दोन साधनं या बाबतीत थंडरबर्डच्या पुढे आहेत. आयमॅपफिल्टर कुठल्याही आयमॅप खात्यावर चालतो, नियम लुआ भाषेत लिहायचे असतात, आणि 'एन' हा पर्याय देऊन चालवला की तो काय केलं असतं एवढंच सांगतो. स्वतःचा डव्हकॉट (एक आयमॅप सर्व्हर) असेल तर त्याच्या पिजनहोल या जोडसंचात सीव्ह-फिल्टर आहे. सीव्ह ही सर्व्हरवरचे मेल-फिल्टर लिहायची भाषा, आणि तिचे नियम मुळात मेल पोचतानाच लागतात, जुन्या मेलकडे ते बघत नाहीत. ती उणीव भरायला हे साधन केलेलं आहे. काही न सांगता चालवलं तर तो नुसतं दाखवतो. खरं काम करायला लहान 'ई' आणि मूळ फोल्डरातून मेल काढायला मोठा 'डब्ल्यू' असे दोन पर्याय वेगवेगळे द्यावे लागतात. नुसता 'ई' दिला तर मूळ मेल जागेवर राहून प्रती पडतात. इतकी सावध रचना थंडरबर्डने उचलावी, अशी मनापासून इच्छा आहे. सीव्हच्या नियमांत 'ॲडफ्लॅग' किंवा 'सेटफ्लॅग'च्या ओळी असतील तर जुन्या मेलसाठीच्या प्रतीतून त्या आधी काढून टाका. 'मार्क ॲज रीड'चंच ते दुसरं रूप आहे.

सगळं जागेवर गेल्यावर, निदान आठवडाभर तरी, न वाचलेल्यांना लावलेला टॅग काढू नका. मोबाइल, ऑफिसचा संगणक, घरचा संगणक असे सगळे एकदा सर्व्हरशी जुळून घेतील तेव्हाच आकडे खरे स्थिर होतात. मग टॅगवाले मेल उचला, ० दाबा, टॅग निघतील. 'जुने' फिल्टरांमधलं 'मॅन्युअली रन' तसंच राहू द्या, आणि हवे असतील तेवढ्यांच्या प्रती करून त्यात 'गेटिंग न्यू मेल' निवडा. थंडरबर्डचे फिल्टर संगणकावर थंडरबर्ड उघडा असेल तेव्हाच चालतात. दिवसभर मोबाइलवरच मेल बघणाऱ्यांनी येणाऱ्या मेलचे नियम सर्व्हरवरच लिहावेत.